कामाचा पट्टा

ऑक्टोबरच्या अखेरच्या मंगळवारी, तिसऱ्या प्रहरी, बिश्केक येथील ओश बाजाराच्या थांब्यावर अंध जिपार बोरोन या आपल्या वाटाड्या कुत्र्यासह बसची वाट पाहत उभी होती. दिवसभर परक्यांच्या पाठी रगडून तिची मनगटे भरून आली होती. परंतु त्याहून अधिक थकवा तिला ‘नको’ म्हणण्याचा आला होता.

बोरोनच्या अंगावर कामाचा पट्टा असेपर्यंत त्याला कोणी काही खाऊ घालू नये, हा त्याला तिच्याकडे सोपवणाऱ्या प्रशिक्षण केंद्राचा दंडक होता. उन्हाळ्यात कोणीतरी चारलेल्या सॉसेजची चटक लागून त्याने तिला भर रहदारीत ओढत नेले होते. केंद्राने तेव्हाच बजावले होते: पुन्हा असे आढळले, तर कुत्रा परत घेऊ. बोरोन येण्यापूर्वी शेजारणीला सवड असेल तेव्हाच जिपार घराबाहेर पडत असे. मालिशची नोकरीही त्याच्याच जोरावर होती.

“ये रे राजा, हे घे!” एका बाईने लाडाने हाक मारली.

“त्याला बोलावू नका. कामावर आहे तो.”

“कुत्रा, आणि कामावर? पगार तरी देतेस का गं?” आसपासचे हसले. “उपाशी मारतेय बिचाऱ्याला!”

बस थांबली. कोणीतरी जिपारचा दंड धरून तिला पुढे ढकलले. “चल, चढवतो तुला.”

“हात सोडा. ही माझी बस नाही.”

“भलं करायला जावं, तर ही तोऱ्यात!”

बस निघून गेली. थांबा शांत झाला.

“पोरी, मी तुझ्या उजव्या हाताला उभा आहे. माझं नाव सापारबेक. काही मदत हवी का?”

आवाज वृद्ध होता. कुत्र्याशी तो एक शब्दही बोलला नाही. दिवसभरात प्रथमच कोणी केवळ तिच्याशी बोलत होते.

“सात नंबर आली की सांगाल, आजोबा?”

“सांगतो की. तोवर हे घे, गरम नान आहे.”

तिने तुकडा दोन्ही हातांनी घेतला.

“यालाही देऊ का? तू हो म्हणालीस तरच.”

वडीलधाऱ्याने पुढे केलेले अन्न परतवणे तिला घरात कोणी शिकवलेच नव्हते. शिवाय त्याने विचारले होते. आज दुसऱ्या कोणीही विचारले नव्हते.

“तुम्ही द्या, आजोबा.”

बोरोनच्या चावण्याचा आवाज ऐकून ती दमल्या चेहऱ्याने हसली.

वृद्धाने सुस्कारा सोडला.

“मी केंद्रातून आलोय, पोरी. कुत्रा परत न्यावा लागेल.”