घाईचं उत्तर

पाच-दहा रुपयांचाच डाव होता, पण समोरच्याने एका क्षणात रक्कम दुप्पट केली आणि विदुलाचं बोट मोबाइलवर अडखळलं. ऑनलाइन पोकर ती नुकतीच नवऱ्याकडून शिकू लागली होती.

“अहो, टाकून देऊ पानं?”

“चेहरा दिसत नाही ना, मग वेळ बघ,” तो शेजारून म्हणाला. “पानं चांगली असली की माणूस किती लावू, असा विचार करत बसतो. हातात काही नसलं की घाई करतो.”

तिने धीर करून तेवढेच पैसे लावले. पानं उघडली. समोरच्याकडे खरंच काही नव्हतं.

ती हसली. “बरं, काल डॉक्टर तुमचा रिपोर्ट बघून काय...”

“सगळं नॉर्मल आहे,” तो मध्येच म्हणाला.

विदुलाने मोबाइल पालथा ठेवला.

“फाईल दाखवा.”