दर हजारावं पाकीट

कंपनी छोटी, पण चिप हुशार. डेटाची कुठली पाकिटं पुढे सोडायची आणि कुठली गाळायची, हे जसं शिकवाल तसं ती करायची. उद्या ती पहिल्या ग्राहकाला दाखवायची होती, आणि आज हजारातलं एक पाकीट वाटेतच बेपत्ता होत होतं.

"काका, साधी केबल नीट बसवता येत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघू," इंजिनियर मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली. तिच्या वडिलांच्या वयाचे वायरमनकाका टेबलाखाली शिरले आणि चौसष्टच्या चौसष्ट केबली बदलू लागले.

तेवढ्यात तिला स्वतःच्याच प्रोग्राममध्ये एक ओळ दिसली: दर हजारावं पाकीट गाळ. गेल्या आठवड्यात चाचणीसाठी तिनेच घातलेली, काढायची राहून गेलेली. तिने ती गुपचूप पुसली. पाकिटं बिनबोभाट पोचू लागली, खोलीत टाळ्या पडल्या.

काका गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिला मान वर करवेना.



"मॅडम, एवढी चूक पोटात घाला. पुन्हा नाही होणार माझ्याकडून."