उताराचं पाणी

चर गुडघाभर खोल झाला, तेव्हा त्याची बायको मागच्या दारात आली. पन्हळी साफ झाल्या होत्या, भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवून झाल्या होत्या. टेकडीवरून घरामागे येणारं पाणी तेवढं वळवायचं राहिलं होतं.

"हे सगळं काकांच्या भिंतीवर जाईल," ती म्हणाली.

"पाणी उतारानंच जाणार. गेल्या वर्षी आपल्या स्वयंपाकघरात शिरलं, तेव्हा कोण आलं होतं विचारायला?" त्याने पुन्हा कुदळ उचलली.

काकांचं घर खालच्या अंगाला. मातीच्या भिंतींचं. हद्दीवरून दोन्ही घरांत अबोला होता. अर्धं अंग लुळं पडल्यापासून काका मागच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं काकू एकटीच करायची. तिकडे कोणी फिरकत नव्हतं. तोही नाही.

पाऊस लागला तो उसंत घेईना. एका दुपारी काकू दारात उभी राहिली, नखशिखांत भिजलेली. भांडण झाल्यापासून तिने हा उंबरा ओलांडला नव्हता. बायकोने काही न विचारता चहा टाकला.

"काका कसे आहेत?" त्याने विचारलं.

"झोपलेत."

चहा संपला. काकू मांडीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. पावसाचा जोर वाढला, तरी उठायचं नाव नाही. मग खालून काहीतरी खचल्याचा आवाज आला. तो धावत सुटला. नखं फुटेपर्यंत त्याने चिखल उपसला. काका सापडले, पण जीव केव्हाच गेला होता.

"वैर विसरून धावला. पुतण्या असावा तर असा," लोक म्हणाले. त्याने काकूला आपल्या घरी आणलं, तेव्हा तर आणखीच कौतुक झालं. कौतुक सुरू झालं की तो उठून जायचा. शेवटी एका सकाळी तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"काकू, भिंत नुसत्या पावसानं नाही पडली. मी मागे तो चर..."

"ठाऊक आहे मला. तू खणत होतास तेव्हा मी खिडकीतच होते," काकू शांतपणे म्हणाली. "म्हणून तर त्या दिवशी तुझ्याकडे येऊन बसले."