समोरचं दुकान

रस्त्याच्या अल्याड धाकट्याचं सलून, पल्याड थोरल्याचं. वाटणीवरून बिनसल्यापासून सात वर्षं भावाभावांत अबोला होता. एका सकाळी थोरला रस्ता ओलांडायला निघाला, धाप लागून वाटेत दोनदा थांबला आणि धाकट्याच्या खुर्चीत येऊन बसला. “सगळे केस काढ. पण मशीनने. वस्तऱ्याला डॉक्टरांनी मनाई केलीय.” “कसले डॉक्टर, दादा?” “फुप्फुसाच्या कॅन्सरचे. केमोचे दोन डोस झालेत.” “मला कळवलंही नाहीस?” “बोलत कुठे होतो आपण?” धाकट्याने मशीन सुरू करून जरा जोरातच डोक्यावर टेकवलं. “हात हलका ठेव रे,” थोरला हसला, “एवढंही शिकवलं नव्हतं का तुला?” डोळे पुसत धाकट्याने काम संपवलं. मग दुकानाचं शटर ओढून, दादाला धरून तो पल्याड गेला. तिथे तीन गिऱ्हाइकं ताटकळली होती. “तू नुसता बसून राहा, दादा,” म्हणत त्याने कात्री उचलली. “बोला, नंबर कुणाचा?”