मनोऱ्याच्या फळ्या

खोपीत किटलीचं झाकण खडखडलं. काओतिनाने तोच प्रश्न पुन्हा विचारला: परवापासून मनोऱ्यावर कोण चढलं?

तेबुरेआ म्हाताऱ्याने किटली उतरवली. टोकाच्या बेटावरच्या या टेहळणी मनोऱ्याचा तो राखणदार. "आधी चहा घे, पोरी. माडाची काकवी घातलीय."

"आजोबा, मी मनोरा तपासायला आलेय."

"तपासणाऱ्यांना चहा चालत नाही होय? तुझ्या आधीचा तर कपावर कप रिचवायचा. मनोरा इथूनच बघायचा."

काओतिनाची लेक, छोटी ताबेता, खुदकन हसली. काओतिनाला हसू आलं नाही. तिचा नवरा इओतेबा होडी घेऊन प्रवाळाच्या कडेपलीकडे मासे धरायला गेला होता. परवाच परतायला हवा होता. बाकीच्या बेटांवरचे मनोरे तपासताना तिने प्रत्येक ठिकाणी विचारलं होतं. शीड कुणालाच दिसलं नव्हतं. पण प्रवाह होड्यांना याच टोकाकडे आणतो आणि इथे तेबुरेआची नजर आहे, एवढ्यावर ती तग धरून होती.

कप तसाच ठेवून ती बाहेर आली; आपला कप घेऊन म्हातारा आणि ताबेता मागोमाग आले. हातोडीने खांब ठोकून पाहिले. भरीव वाजले. मग तिने वर पाहिलं. समुद्राच्या बाजूच्या, मनोऱ्याला ताठ धरणाऱ्या तिरप्या फळ्याच नव्हत्या. खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती, गंजाने ओघळलेली.

"फळ्या कुठे गेल्या?"

"दिल्या."

"सरकारी मनोऱ्याच्या?"

"बुबुती म्हणून मागितल्या गं. त्यावर नाही म्हणायचं कुणी शिकवलंय आपल्याला?"

कुणीच नाही. तो शब्द उच्चारून मागितलं की द्यावंच लागतं, नाहीतर अख्ख्या घराण्याची मान खाली. मागच्या महिन्यात तिने स्वतःचं शिलाई मशीन असंच दिलं होतं.

"कुणी मागितल्या?"

तेबुरेआ चहावर फुंकर घालत राहिला. "त्याच्या होडीचा तोल धरणाऱ्या उलांडीचे दांडे कुजले होते. एवढं चांगलं लाकूड या बेटांवर दुसरं कुठलं?" मग खाली बघत म्हणाला, "तुझ्या इओतेबानं. तेव्हापासून वर चढायची छाती होत नाही. दिवसभर पाण्याशी उभा राहून बघतो. पण कडेपलीकडचं खालून दिसत नाही, पोरी."

काओतिनाने शिडीवर पाय ठेवला. दुसरा ठेवला. वरची खोली करकरली, सगळा मनोरा समुद्राकडे कलला आणि सावकाश परत आला. खाली ताबेताने तिच्या झग्याचं टोक गच्च धरलं होतं.

ती उतरली. थैलीतून काथ्याचा दोर काढून, कुणी वर चढू नये म्हणून तिने तो शिडीच्या तोंडाशी आडवा बांधला. गाठ दोनदा सुटली.

"आई, बुबुती म्हटलं की कुणालाच नाही म्हणता येत नाही ना?"

"नाही."

ताबेता पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. लाट तिच्या पायांवरून मागे गेली.

"मग बुबुती म्हणून बाबाला परत मागू या? समुद्राला तरी नाही म्हणता येतं का?"