लांब लेन्स

तांदळाच्या डब्याचं झाकण टप्‌कन उघडलं. लोसाने तांदळात हात घालून पुरचुंडी बाहेर काढली. समुद्राच्या दमट हवेने काचेला बुरशी धरते, म्हणून लेन्स तांदळात. पलीकडच्या खोलीतला भावाचा खोकला क्षणभर थांबला.

"काढलीत का दुर्बीण, वन्सं?" भावजय वासिती दारातून कुजबुजली. "आज जागे आहेत. उद्याचं काही सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर."

फिनाऊचा एक धड फोटो घरात नव्हता. फळं तोडायला ऑस्ट्रेलियात गेला तेव्हाचा पासपोर्टवरचा तेवढा होता, आणि त्यात तो पकडून आणलेल्या चोरासारखा दिसे. थडग्यावर लावतात त्या मोठ्या फलकावर माझ्या भावाचा तो चेहरा नको, एवढंच लोसाचं म्हणणं होतं. त्यासाठी तिने आपल्या लग्नात मिळालेली मोलाची विणलेली चटई विकली.

तेवढ्या पैशात नवं काही येणार नव्हतंच. नुकुअलोफाच्या बाजारात जुने कॅमेरे विकणाऱ्या तानिएलाने आखूड लेन्स पुढे केली होती. "हलकी, स्वस्त, एवढ्याशा घराला पुष्कळ. ही लांबडी घेऊन काय चंद्राचे फोटो काढणार आहेस, बाई?" लोसाने लांब लेन्स उन्हासमोर धरली आणि फिरवून फिरवून आतली काच पाहिली. कॅमेरा ओरखड्यांचा घेतला, पडद्याला तडा गेलेला. पिशवी नको, तिवई नको. वाचलं ते सगळं त्या काचेत घातलं. "हट्टी आहेस," म्हणत त्याने पुडकं बांधलं.

आता कॅमेरा घेऊन ती खोलीकडे वळली नाही. अंगणात गेली आणि नीरफणसाखाली उभी राहिली. वासितीने आतून खिडकीचा पडदा सारला. खाटेवरचा फिनाऊ तिथून एवढासा दिसला.

पाच वर्षांची कलाला आतून धावत आली. "आई, मामा म्हणतो, माझ्यासारख्या सुक्या खोबऱ्याच्या फोटोला एवढा खर्च कशाला?"

"म्हणावं गप्प बस आणि इकडे बघ."

कलाला निरोप घेऊन पळाली. फिनाऊने मान वळवली. लेन्समध्ये तो हाताच्या अंतरावर आला. सुकलेले ओठ. पापण्या. भुवईवरची खूण, लहानपणी आंब्यावरून पडला तेव्हाची. त्या दिवशी रक्त थांबेपर्यंत लोसाने ती जखम आपल्या तळव्याने दाबून धरली होती. मग ती वयात आली, आणि त्यानंतर बेटावरच्या रीतीप्रमाणे दोघं एका खोलीत बसली नाहीत. बहिणीने भावाच्या निजायच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. तो मान असतो, दोघांचाही. तो खाटेला खिळला तरी मान तिथेच राहिला.

तिने बटण दाबलं. फोटो छान आला.

कलाला परत आली. "मला, मला बघू दे!" कॅमेरा दोन्ही हातांनी धरून तिने डोळा लावला आणि हरखली.

"आई, मामा तर इथेच आहे! हाताने बोलावतोय तुला. तू जात का नाहीस?"