नऊ मिनिटं

किर्रर्र करून टायमर वाजला. कोपऱ्यातल्या धुण्याच्या मशीनची घरघर सोडता स्वयंपाकघरात सकाळपासून जपलेली शांतता मोडली आणि तिची पेन्सिल चौदाव्या प्रश्नावर थांबली.

"पेन्सिल खाली!" टेबलापलीकडे स्टुलावर बसलेली तिची सात वर्षांची लेक म्हणाली.

रविवारी सराव परीक्षेचा टायमर लावायचं काम लेकीचं. फोन जवळ असला की सुट्टीच्या दिवशीही ऑफिसचे मेसेज येत राहतात, म्हणून तो कपाटात. सारखी मान वर जाते म्हणून भिंतीवरचं घड्याळ तिनं स्वतःच उतरवून ठेवलेलं. चाळीस मिनिटं, बावीस प्रश्न, आणि वेळ सगळी लेकीच्या मुठीत. तेव्हापासून घरात लेकीचं नाव बाईसाहेब पडलं होतं.

तिनं सोडवून झालेले प्रश्न मोजले. तेरा. मागच्या रविवारी चौदा होते, त्याच्या आधी पंधरा. दोन महिन्यांपूर्वी सतरा.

दाराशी नवरा आला. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"काय बाईसाहेब, झाली का कैद्याची सुटका?" मग तिला, "किती गं?"

"तेरा."

कालच तिनं त्याला सांगितलं होतं, सोळा झाले तर पुढच्या रविवारी परीक्षेला बसते, नाहीतर पुरे. गेल्या वर्षी मॅनेजमेंट कॉलेजचा प्रवेश थोडक्यात हुकला होता. तेव्हापासून वर्षभर हेच चाललं होतं. साडेआठ ते सहा पार्सल कंपनीच्या तक्रार विभागात लोकांची माफी मागायची, आणि जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या खोलीत बसून एका हातात डबा, एका हातात पुस्तक.

"मग?" नवऱ्यानं विचारलं.

"सोडते," मागे न वळता ती म्हणाली.

तिची पाठ बघत तो जरा वेळ थांबला. रडेल, असं त्याला वाटलं असावं. तिलाही वाटलं होतं. पण दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं आत सगळं होतं. जीभ फिरवावी, पण कळू काही नये.

"जाऊ दे," तो म्हणाला. "नाहीतरी दोन वर्षं तिकडे होस्टेलवर राहायचं म्हणजे तुझे हालच होते." आणि तो आत गेला. नळाचा आवाज सुरू झाला.

ती उठली, कपड्यांचं बघायला. एरवी रविवारचं मशीन नवरा लावायचा. आज तिनं लावलं होतं, तेही लेकीनं टायमर फिरवला त्याच क्षणी, म्हणजे दोन्ही कामं बरोबरच उरकतील. पंचेचाळीस मिनिटांचं धुणं. पाचेक मिनिटं उरली असतील, असं धरून ती वाकली.

आकडा होता तेरा.

हे गणित तिला पेन्सिलीशिवाय सुटलं. पंचेचाळीसातून तेरा गेले, बत्तीस. नवऱ्याशी बोलण्यात एक गेलं, एकतीस. चाळीसला नऊ कमी. उत्तर आलं आणि बऱ्याच वेळानं त्याचा अर्थ आला.

"बाईसाहेब, टायमर कितीवर लावला होतास?"

"चाळीसवर."

ती नुसती मशीनकडे बघत राहिली. लेकीनंही तिकडे पाहिलं.

"एकतीसवर," लेक हळूच म्हणाली. "तीसच्या पुढची एक बारीक रेघ. बरोबर तीसवर ठेवला असता तर तू पकडलं असतंस."

"आणि मागच्या रविवारी?"

"आधी थोडीच कमी केली. तुला कळलं नाही. मग आणखी केली." लेकीनं फ्रॉकचं टोक मुठीत धरलं. "बाबा आत्याला फोनवर सांगत होता, ही पास झाली की दोन वर्षं जाणार. मला कुणी सांगितलंच नाही."

हे ऐकून तिच्या तोंडी जे वाक्य आलं, ते ऑफिसचं होतं.

"तुझी तक्रार नोंदवून घेतली आहे."

"म्हणजे काय करणार?"

"काही नाही. नोंदवून घेतात."

लेकीला हे पटलं नाही, पण ती स्टुलावरून उतरून जवळ आली. आई फरशीवरच बसली, मशीनला पाठ टेकून. पाठीमागे कपडे गरगरत होते. एकतीस मिनिटांत तेरा. चाळीसात सोळा, वर थोडं उरतंच. परीक्षा पुढच्या रविवारी. प्रवेशपत्र फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावलेलं.

आत नळ बंद झाला. नवरा टॉवेल शोधत असणार. त्याला हाक मारायची आणि सांगायचं, तेरा नव्हते, सोळा होते. चारच तर शब्द. ते तिनं मनात दोनदा म्हणून पाहिले. हाक मारली नाही.

"रागावलीस?" लेकीनं विचारलं.

"नाही गं."

"खरंच?"

"खरंच."

"बाबाला सांगणार?"

तिनं लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. एकदा सारून झाल्यावर पुन्हा सारले. लेक तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती, टेबलापलीकडून रविवारची चाळीस मिनिटं बघायची तशी.

"आई, मघाशी बाबाला 'सोडते' म्हणालीस ना, तेव्हा तू हसलीस. मी पाहिलं. का हसलीस?"